वळचणीची बाळं

मुलगी राहते ते इंग्लंडमधलं खेडं मूठभर घरांचं, पण तिथलं दगडी चर्च मध्ययुगातलं. पाऊस आला म्हणून आम्ही मायलेकी त्याच्या वळचणीला उभ्या राहिलो. आवारभर थडगी, भिंतीलगत मात्र नुसतं गवत. चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाई शेजारीच होत्या. त्यांना मी सहज म्हटलं, "एवढी जागा मोकळीच राहिली की!"

"मोकळी नाही," त्या म्हणाल्या. "बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडण्याआधी गेलेली बाळं आहेत इथं. त्यांना तेव्हा दफनभूमीत जागा नसे. मग आया त्यांना गुपचूप इथं पुरायच्या. चर्चच्या छपरावरून गळणारं पाणी पवित्र. तेवढं तरी अंगावर पडेल म्हणून."

आपण पागोळ्यांखाली घागरी लावतो. या बायकांनी लेकरं ठेवली. ज्या देवाच्या माणसांनी दारातून परत पाठवलं, त्याच देवाच्या छपराखाली. मला त्या देवाचा संताप आला. पण आईला संताप परवडत नसावा. ती मिळेल तो आडोसा धरते.

मी वर पाहिलं. छपराला आता पन्हळ लावली आहे. सगळं पाणी नळीतून थेट गटारात जातं. खालची माती कोरडी ठणठणीत. म्हणूनच तर आम्ही तिथं उभ्या होतो.

माझ्या लेकीचं बाळ गेल्या वर्षी बारशाआधीच गेलं. ती पावसात गेली आणि ओंजळ भरून परत आली.

"आई, जरा बाजूला हो," ती म्हणाली, आणि मी उभी होते तिथं तिनं ओंजळ रिती केली.