इगतपुरीच्या सहलीला नेलेला पाहुणा

नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे, तेव्हाची गोष्ट. तिथल्याच एका सरांशी माझं जमलं होतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "घरचे ऐकत नाहीत गं." मी शहाण्यासारखी घरी जाऊन रडले. पंधरवडा उलटला नाही तोच क्लासची नवी रिसेप्शनिस्ट त्याच्या गाडीवर मागे बसलेली दिसली. माझी ओढणी चाकात जाईल म्हणून माझ्यावर खेकसणारा हा माणूस तिची ओढणी स्वतःच्या हाताने गुंडाळून देत होता. तिच्या बाबतीत घरच्यांनी बरं ऐकलं!

दिवाळीच्या सुट्टीत क्लासची सहल इगतपुरीला निघाली. सोबत कुणालाही आणा, असं क्लासचे मालक म्हणाले. ती दोघं जोडीनं येणार हे कळल्यावर माझं जेवणच जाईना. माझ्या मैत्रिणीचा भाऊ नामपूरला कांद्याचा व्यापार करायचा. भाऊबीजेला तो नाशिकला आला होता. उंच, सावळा, हसरा. मी त्यालाच गाठलं.

"म्हणजे मी तुमच्याकडे बघून हसायचं?" त्यानं विचारलं.

"हो. आणि त्याच्यासमोर माझी विचारपूस करायची."

"एवढंच? मार्केटात याहून अवघड नाटकं करतो आम्ही."

बसमध्ये सगळं ठरल्यासारखं झालं. पाहुण्यानं मला खिडकी दिली, माझ्या चकल्या वाखाणल्या. सर सारखे मागे वळून बघत होते. मला त्या दिवशी रस्त्यावरची धूळसुद्धा गोड लागली.

घोटाळा झाला तो धरणाच्या काठावर, जेवणं झाल्यावर. रिसेप्शनिस्ट पाहुण्याशेजारी येऊन बसली. तो कांद्याच्या लिलावाची नक्कल करत होता. बोली पुकारणारा, नाक मुरडणारा व्यापारी, रुसलेला शेतकरी, सगळे आवाज त्याचेच. ती हसून हसून लोळत होती, त्याला टाळ्या देत होती. मग त्यानं तिला पाण्याचा ग्लास आणून दिला.

तेवढ्यात सर माझ्याजवळ आले. "कोण आहे हा? कधीपासून ओळखतेस?"

हा प्रश्न ऐकायला मी किती तळमळले होते! पण माझे डोळे त्या ग्लासावर. "नंतर सांगते," म्हणत मी तरातरा पाहुण्याकडे गेले आणि त्याला बाजूला घेतलं.

"तिला पाणी कशाला दिलंस?"

"ठसका लागला तिला." मग तो माझ्याकडे बघतच राहिला. 'तुम्ही'वरून 'तू'वर मी कधी आले, ते मलाही कळलं नव्हतं. "सर तर तिकडं लांब उभे आहेत. मग ही चिडचिड कोणासाठी शे?" गडबडला की त्याच्या तोंडून गावाकडची बोली निघायची.

"कुणासाठी का असेना. तिच्याशी बोलायचं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि ठरलेलं नसतानाही हसला.

परतताना सर आणि ती वेगवेगळ्या सीटवर फुगून बसले होते. मला हवा तसा सूड उगवला होता, पण त्याचा आनंद घ्यायला मला सवड कुठे होती? ती पाहुण्याला चिक्की देते की काय, यावर माझी नजर होती.

पुढे तो दर आठवड्याला एसटीडी बूथवरून फोन करू लागला, आणि वर्षभरात आमचं लग्न झालं. सर आणि तीही तोवर परत एकत्र आले होते. दोघं आहेर घेऊन स्टेजवर आली. तिनं नवरदेवाला लिलावाची नक्कल करून दाखवायचा आग्रह धरला. मी फोटोग्राफरला म्हटलं, "दादा, पटकन काढा. मागे रांग लागलीये."




रांगेत एक आजोबा तेवढे उभे होते.