टाकीचं झाकण

कंधारमधल्या आमच्या वखारीत लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन आलं त्याला आता काही वर्षं झाली. लातूरच्या एका वर्कशॉपमध्ये ते बनवून घेतलं होतं. आडवा लोखंडी गर्डर, त्याच्या एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला दांडा. दांडा ओंडक्याला रेटत पाचरीवर नेतो आणि बाभळीची गाठसुद्धा निमूटपणे उकलते. गर्डरखाली तेलाची टाकी, तिच्या शेजारी मोटर आणि मोटरीला जोडलेला मुठीएवढा पंप. सगळा जोर त्या पंपाचा.

मशीन आलं त्या दिवशी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कुऱ्हाड खुंटीला लागली. उभा जन्म त्यांनी याच वखारीत लाकडं फोडली होती. मशीनबद्दल ते वाईट बोलले नाहीत आणि चांगलंही बोलले नाहीत. स्वतःकडे त्यांनी एकच काम ठेवलं. आम्ही लिंगायत. सकाळी पूजा उरकून, धुतलेलं धोतर नेसून ते वखारीत यायचे, तळहातावर थोडं पाणी घेऊन विभूतीचा खडा उगाळायचे आणि कपाळाला ओढतात तशी तीन बोटं मशीनला ओढायचे. मग म्हणायचे, "कर चालू." त्याआधी बटण दाबायची कुणाची टाप नव्हती. हॉटेलवाला दारात उभा, आचारी फोनवर ओरडतोय आणि हे आपले सावकाश खडा उगाळतायत. मी मनातल्या मनात चरफडायचो, कधी मोठ्यानंही. "अप्पा, गिऱ्हाईक खोळंबलंय," हे वाक्य मी रोज एकदा तरी बोलत असेन.

विभूती ते पाचरीच्या पोटाला लावायचे. नजर अधू झाल्यावर एका सकाळी बोट धारेवर घासलं आणि रक्त आलं. मला भीती वाटली की माझा आवाज चढतो. मी त्यांचा हात धरला, मशीनच्या मागच्या बाजूला नेला आणि टाकीवर ठेवला. "हितून पुढं हितं लावा. हितं काय कापत न्हाई." ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तिथं लावू लागले आणि ती गोष्ट मी विसरूनही गेलो.

दोनेक महिन्यांनी पंप ओरडायला लागला. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज, आणि दांडा अर्ध्यात येऊन थरथरायचा. कडुनिंबाचा साधा ओंडकाही त्याला ढकलवेना. लग्नसराईचे दिवस होते, आचाऱ्यांना लाकडं द्यायचं कबूल केलेलं. खुंटीवरच्या कुऱ्हाडी पुन्हा खाली आल्या आणि दोन गडी दिवसभर घाम गाळू लागले.

कंधारात ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. कमी बोलणारा, स्वच्छ हाताचा माणूस. ते आले, अप्पांना "शरणार्थ" म्हणून नमस्कार केला, चिंधीनं टाकीचं झाकण नीट पुसलं, मगच उघडलं. तेल पातळीला बरोबर होतं, पण त्यावर फेस होता. "तेल खराब झालंय," ते म्हणाले. तेल बदललं. मशीन पूर्वीसारखं चाललं. दिवस मावळेपर्यंत आम्ही निम्मा ढीग फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात पुन्हा तेच. मिस्त्री आले, झाकण पुसलं, उघडलं, टाकीतली जाळी काढून धुतली. मशीन चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. या वेळी त्यांना टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप चपटा झालेला दिसला, म्हणून आत तार असलेला जाड पाइप घातला. चाललं. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा खडे वाजले. मिस्त्री म्हणाले, पंपाचं सील हवा ओढत असेल, त्याशिवाय फेस येणार नाही. सील कंधारात मिळेना. मी एसटीनं नांदेडला गेलो, चार दुकानं पालथी घातली आणि सील घेऊन आलो. येताना बसमध्ये तेलाच्या कंपनीपासून लातूरच्या वर्कशॉपपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या.

नवं सील एक दिवस चाललं.

मशीन कोसळत गेलं तसे अप्पाही खचत गेले. रोज सकाळी त्यांनी विभूती लावायची, "कर चालू" म्हणायचं आणि तासाभरात पंपानं ओरडायचं. सील बदलल्यानंतरच्या सकाळी ते बाकावर बसले आणि हात पाहत म्हणाले, "माझ्या हाताला यश न्हाई राहिलं आता. उद्यापासून मी काय येत न्हाई वखारीत. घरीच बसतो." ते रागानं बोलले असते तर मी उलटून बोललो असतो. पण ते हिशेब पटल्यासारखं शांतपणे बोलले. घरी बसलेली त्यांच्या वयाची माणसं मी पाहिली होती. आधी वखार सुटते, मग ओटा, मग खाट. मला त्या क्षणी मशीनपेक्षा त्यांची काळजी वाटली. मी म्हणालो, "आज दुपारपर्यंत थांबा अप्पा. मिस्त्री येऊन राहिलेत." ते जेवायला घरी गेले.

मिस्त्री आले तेव्हा स्वतःवरच चिडलेले होते. पंप चालूच होता, ओरडत होता. या वेळी त्यांनी चिंधी घेतली नाही, काही पुसलं नाही, तसंच झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. आणि पंप गप्प झाला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी झाकण घट्ट बसवलं, दांडा पुढं सोडला. पंप ओरडला. झाकण सैल केलं, गप्प. तसं तीनदा केलं. मग मोटर बंद करून त्यांनी झाकण उन्हात धरलं. त्याच्या माथ्यावर हवा आत-बाहेर जायला तीन बारीक भोकं असतात. दांडा पुढं जातो तेव्हा टाकीतलं तेल कमी होतं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती न आल्यामुळे पंप बिचारा तेलासाठी तडफडत होता. भोकांतून उजेड दिसेना. त्यांवर पांढरा कडक थर बसला होता, आणि थरावर तीन बोटांच्या रेघा होत्या. मिस्त्री रोज झाकण पुसायचे म्हणून भोकांची तोंडं मोकळी होऊन त्या दिवशी मशीन चालायचं, आणि दोन महिन्यांत आतून अरुंद झालेली ती भोकं रोज सकाळी अप्पांच्या ओल्या विभूतीनं पुन्हा बुजायची.

"आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला," मिस्त्री कपाळावर हात मारत म्हणाले. मला हसू आलं नाही. अप्पांचा हात धरून तिथं नेणारा मीच होतो, ते मला आत्ता आठवलं. मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी झाकण चिंधीनं पुसलं. मग म्हणाले, "अप्पांना सांगू नका. म्हातारा माणूस हाय, मनाला लावून घेईल."

"न्हाई सांगत. पण विभूती बंद बी करायची न्हाई."

त्यांनी तासाभरात टाकीच्या मागच्या अंगाला, तेलाच्या पातळीच्या वर, एक भोक पाडून खाली वाकवलेली नळी बसवली, तोंडाला जाळी. जुनं झाकण जिथल्या तिथं ठेवलं. अप्पा जेवून आले तेव्हा मशीन चालू होतं. मी म्हणालो, पंपाचं सील उलटं बसलं होतं. मिस्त्रींनी मान खाली घालून ते खोटं स्वतःवर घेतलं. त्यांच्यासारख्या कारागिराला ते किती जड गेलं असेल, ते मला कळत होतं. अप्पा म्हणाले, "हाव का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून हजर झाले.

पंप त्यानंतर ओरडला नाही. महिनाभरानं एका सकाळी अप्पांनी झाकणाला तीन बोटं ओढली, "कर चालू" म्हणाले, पण बाकावर जाऊन बसले नाहीत. चाचपडत मशीनच्या मागं गेले आणि वाकवलेल्या नळीच्या तोंडाशी तळहात धरून उभे राहिले.

"काय बघून राहिलात, अप्पा?"

"वारा येतोय का बघून राहिलो. दांडा मागं आला की येतोय."

"ती नळी अशीच बसविलीय."

"अशीच?" ते हसले. "मी काय दूधखुळा हाय का? नळी बसली अन् मशीन बरं झालं. झाकणाची भोकं माझ्या विभूतीनं बुजली व्हती. हाव का न्हाई?"

मी मान हलवली. त्यांना ती दिसली नसावी, म्हणून "हाव" म्हणालो. मग विचारलं, "कळलं व्हतं तर तुम्ही कामून बोलले न्हाईत?"

नळीपुढचा हात त्यांनी काढला नाही.

"जागा तू दाखविली व्हतीस ना. तुझ्या जिवाला लागंल म्हून गप्प बसलो."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. मी ओंडका हातात धरून तसाच उभा राहिलो.

"लाव लाकूड," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक खोळंबलंय."