ओटीतले तीन फ्यूज

हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. नवरा गेला, त्यालाही ठाऊक नव्हतं. आत्ता लिहायला बसण्याआधी दाराची कडी दोनदा बघून आले. कोण येणार आहे आता? — तरी बघून आले.

लग्न होऊन धुळ्याला आले आणि तेलगिरणीत सरकी निवडायला बसू लागले. तेव्हा गिरणीत नुकतीच वीज आली होती, जुनं इंजिन कोपऱ्यात गंजत पडलेलं. खड्ड्यातून सरकी वर नेणारा रबरी पट्टा होता — दोन्ही कडांनी उंच वळलेला, ओंजळीसारखा खोल. तो झिजून त्याचे धागे लोंबायला लागले की नवा घालायचे. त्या दिवसाची एक रीत होती. खड्ड्यात उतरण्याआधी मिस्त्री मोटारीचे तीन फ्यूज काढायचा — पांढरे, चिनी मातीचे — आणि एका बाईच्या ओटीत ठेवायचा. तो स्वतः वर येऊन मागेल तेव्हाच द्यायचे. शेठ आला तरी नाही.

नाना मिस्त्री एरंडोलकडचे. ते माझ्याच ओटीत ठेवत. बाया हसल्या की म्हणत, "हाई पोर जागानी हालत नही, तोंडबी उघडत नही. कुलूप शे कुलूप!"

खरंच होतं ते. चौथीपर्यंत शाळेत हजेरीलासुद्धा मी नुसता हात वर करायचे. सबब म्हणून सांगते का हे? नाही. पुढचं कळावं म्हणून.

त्या दिवशी जुन्या पट्ट्याच्या शेपटाला नवा बांधून ओढून घेतला. सांधाही झाला. पण नवा पट्टा ताठ — खोलगट बसेना. नाना तो हाताने दाबून खालच्या फिरत्या रुळांवर बसवायला पुन्हा खाली गेले. मी त्यांना उतरताना पाहिलं होतं. वर येताना — नाही.

दारात सरकीच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मुकादम तरातरा माझ्याकडे आला. "नाना उना का बाहेर?" नाना वर आले का, असं विचारत होता.

खड्ड्याचं तोंड चार पावलांवर होतं. उठायचं, वाकून बघायचं. एवढंच ना? पण सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते.

"अवं, तोंडमा सरकी भरी शे का? उना का नही?"

मी मान हलवली. हो म्हणून.

का? — त्याने दुसरीकडे बघावं म्हणून. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. त्याने हात पुढे केला, मी फ्यूज दिले. तिसरा देताना माझा हात थांबला होता. थांबला — आणि मग दिला.

मुकादमाने ते बसवून मोटार चालू केली. पट्टा दोन हात सरकला असेल. खालून आलेला तो आवाज मला लिहिता येत नाही.

नानांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

संध्याकाळी शेठने विचारलं, फ्यूज का दिले? मी पदराआडून म्हटलं, "नानांचा आवाज आला. आलो म्हणाले." इतक्या पुरुषांसमोर आयुष्यात पहिल्यांदा आवाज फुटला माझा — तो यासाठी. मुकादम लगेच म्हणाला, त्यानेही ऐकलं.

नानांना काही आठवत नव्हतं. आम्ही बाया इस्पितळात गेलो तेव्हा त्यांना माझं ते 'आलो म्हणाले' आधीच कुणी सांगितलेलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "मीच बोलनू व्हसू. तुना काय दोष, पोरी?"

मी तेव्हा बोलू शकले असते. खाटेपासून हातभर अंतरावर उभी होते.

पुढे नव्या माणसाला काम शिकवताना ते पंजा दाखवत. "बाहेर निंघाना आधी 'उनू' म्हनू नका. मी म्हनं, आनी हाई देखा." दरवेळी मी जवळच सरकी निवडत असे. दरवेळी वाटे, आज त्यांना आठवेल. कधीच आठवलं नाही.

काही वर्षांनी तोही पट्टा झिजला. मी बायांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. नानांनी डाव्या हाताने तिन्ही फ्यूज काढले, उजव्याच्या उरलेल्या अंगठ्याने छातीशी धरले आणि सगळ्यांमधून वाट काढत सरळ माझ्यापाशी आले.

मी पदर पसरला.