वहिनींच्या रॅकेटचा रंग

शैलावहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी भिंगारच्या आमच्या टेनिस कोर्टावर चुन्याची रेघ मारत होतो. खरं तर हे काम त्यांचं. माझी रेघ वाकडी जाते असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या सकाळी त्यांना उशीर झाला म्हणून मीच चुन्याचा डबा उचलला. म्हटलं, आल्यावर बोलणी खाऊ. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या पठाणबाईंचा फोन आला. चहा घेता घेता, खुर्चीतच... मी रेघ अर्धी टाकून तसाच निघालो.

वहिनी म्हणजे माझा मित्र सुधाकर याची बायको. माहेर घोडेगावचं. वडील शेतकरी आणि बैलांचे दर्दी. लग्न होऊन इकडे आल्या, मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या आणि तिशी ओलांडल्यावर टेनिस शिकल्या. बदली होऊन निघालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने जाताना आपली जुनी रॅकेट त्यांना दिली होती. सुधाकर गेल्यावर कितीतरी महिने वहिनी घराबाहेर पडल्या नाहीत. पुन्हा बाहेर पडल्या त्या हीच रॅकेट खांद्याला लावून. मग मी त्यांचा डबल्सचा जोडीदार झालो. जोडीदार म्हणजे काय, नेटजवळ उभं राहायचं आणि त्यांच्या वाटेत यायचं नाही.

एकदा मी पुण्याहून चांगली महागातली रॅकेट आणली. टीव्हीवर नुकतीच मोठी स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूच्या हातात होती, अगदी तीच. निदान दुकानदार तसं म्हणाला होता. मी ती मिरवत कोर्टावर नेली. वहिनींनी ती हातात घेऊन दोनदा तोलली आणि हसल्या.

"भाऊजी, तुमी नुसता रंग इकत आनलाय."

मला राग आला. मग नेटला टेकून त्यांनी सगळं समजावलं. बरेचसे मोठे खेळाडू म्हणे हाताला बसलेली जुनीच रॅकेट वर्षानुवर्षं वापरतात. कंपनीने नवं मॉडेल काढलं की त्या जुनीवरच नव्याचा रंग चढवून घेतात. शिवाय शिसं लावून ती हवी तेवढी जड करतात. दुकानात मिळते ती हलकी, तुमच्याआमच्या खांद्याला झेपेल अशी. "आमच्या घोडेगावच्या बाजारात शिंगं रंगवून बैल आनत्यात," त्या म्हणाल्या, "म्हनून बैल बदलतो व्हय?" त्या दिवसापासून मी 'शिंगवाले भाऊजी' झालो. त्यांची स्वतःची रॅकेट तर भलतीच जड. चाकाचा तोल साधायला टायरवाले शिशाचे चिकट तुकडे लावतात ना, ते ओळखीच्या टायरवाल्याकडून आणून त्यांनी फ्रेमला आतून चिकटवले होते. माझ्या रॅकेटची तार तुटली तेव्हा एकदा मी ती घेऊन खेळलो, तर दुसऱ्या दिवशी जेवताना घास उचलवेना.

त्यांचा मुलगा नितीन बंगळुरूला नोकरीला. आईनेच शिकवलेला, त्यामुळे खेळायचाही छान. दर वाढदिवसाला तो आईला नवीकोरी रॅकेट पाठवायचा. वहिनी नव्या रंगाची रॅकेट घेऊन कोर्टावर यायच्या आणि मी मनात म्हणायचो, वा, मला नावं ठेवतात आणि स्वतः दरवर्षी रॅकेट बदलतात! मग एका दुपारी न कळवता त्यांच्या घरी गेलो. वहिनी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसलेल्या. मांडीवर जुनी रॅकेट, समोर नितीनची नवी, हातात बारीक ब्रश. नवीकडे बघून जुनीवर पट्टे ओढणं चाललं होतं. मला पाहून ओशाळल्या.

"कुनाला बोलायचं न्हाई, भाऊजी. पोरगं लई हौसेनं पाठवतंय, फोनवर दाखव म्हनतंय. आन् माझा हात तर हिच्याबिगर चालत न्हाई."

"मग नव्यांचं काय करता?"

"शाळंतल्या पोरींना देते. त्यांच्या हाताला हलकीच बरी."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही तर मोठ्या खेळाडूंच्या रांगेत जाऊन बसलात." त्यावर त्या इतक्या हसल्या की एक पट्टा वाकडा गेला. मी तो डोळे भरून पाहून घेतला.

तेरावा झाल्यावर नितीन म्हणाला, "काका, मी पाठवलेली शेवटची रॅकेट घेऊन जातो. आईची आठवण." यंदाची रॅकेट साधी काळी होती, आणि जुनीवर रंग चढवायचं काम वहिनींच्या हातून अर्धंच राहिलं होतं. आपली एकही रॅकेट आईने वापरली नाही, हे त्या पोराला आता कळून कसं चालेल? म्हणून आदल्याच दिवशी मी जुनी कपाटामागे सरकवून नवी खिळ्याला टांगून ठेवली होती. नितीनने ती उचलली, मनगटात जराशी फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही नाही, काका. ती जड कुठंय?"

मी कपाटामागून ती काढून दिली. वरचा भाग काळा, खाली गेल्या वर्षीचे निळे पट्टे. नितीन त्यावरून बोट फिरवत खुर्चीत बसला. त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं म्हणे. सुट्टीत घरी आला तेव्हा सहज हातात घेतली, दुकानातली एवढी जड असते होय?

"मग पाठवत का राहिलास?"

"बाबा गेल्यावर आई फोनवर जेवलास का एवढंच विचारायची. रॅकेट पोचली की मात्र तासभर बोलायची. रंग कसा आहे, पट्टे कुठून कुठे जातात..." त्याने एका वाकड्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "मागच्या खेपेला फोनवर पट्टे वाकडे दिसले. मोतीबिंदू वाढला असणार. म्हणून यंदा दुकानदाराला म्हटलं, एकाच रंगाची द्या. तिला सोपी जाईल."

मला रडू आवरलं नाही. इतकी वर्षं मी आईचंच गुपित सांभाळत आलो होतो, आणि पोराने आपल्या गुपिताचा मला पत्ता लागू दिला नव्हता.

नितीन जाताना नवी रॅकेट शाळेत देऊन गेला. जुनी त्याने नेली नाही. "इथंच राहू द्या," म्हणाला आणि घराची किल्ली माझ्याकडे दिली. रविवारी मी जातो, खिडक्या उघडतो, व्हरांडा झाडतो. खिळ्यावर ती आहे, अर्धी काळी, अर्धी निळी. परवा कोनाड्यातली काळ्या रंगाची डबी दिसली. वहिनींनी झाकण दाबून घट्ट बसवलं होतं. नखाने उचकटून पाहिलं... आतला रंग अजून वाळलेला नाही.