मिनिटाला वीस

काकाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळावी म्हणून माझ्या पुतणीने अख्खा दवाखाना ठप्प केला, अशी कुजबुज आमच्या गल्लीत दोन दिवस चालली होती. सुरुवात कोणी केली? हे काय विचारणं झालं! माझ्याइतका रिकामटेकडा गल्लीत दुसरा आहे कोण?

पुतणी मोठ्या दवाखान्याचा सर्व्हर सांभाळते. पाच महिने झालेत, नोकरी अजून पक्की नाही. सकाळी नऊला तारखा खुल्या झाल्या की वेबसाइट मान टाकायची, कारण माझ्यासारखे उतावीळ रिफ्रेशचं बटण बडवत बसायचे. म्हणून तिने लिमिट लावली: इंटरनेटच्या एका पत्त्यावरून मिनिटाला वीसच रिक्वेस्ट. एकविसावी आली की सर्व्हर सांगणार, ‘थोडं थांबा.’

सोमवारी मला त्याने तीनदा थांबवलं. वैतागून मी चहाला उठलो. परत येऊन एकदाच बटण दाबलं, तर तारीख हजर! तिकडे दवाखान्याचे आठही काउंटर मात्र त्याच ‘थोडं थांबा’वर अडकलेले, आणि समोर ही रांग.

मी तडक सलून गाठलं. न्हावी म्हणाला, “एवढ्या लवकर तारीख? कमाल आहे!”

“आपली पुतणी आहे ना आत,” मी मिशीतल्या मिशीत हसलो. झालं.

बुधवारी पुतणी दारात उभी. “काका, माझी चौकशी लागलीय. काय बोललात तुम्ही?”

“जरा शेखी मिरवली गं.”

“जरा? नोकरी जाईल माझी! चपला घाला आधी.”

तिच्या साहेबांपुढे माझी गोगलगाय झाली. “साहेब, हिने काही केलं नाही. मी नुसत्याच बाता मारल्या.”

“हे कशावरून मानू?”

पुतणीने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. माझ्या घरच्या पत्त्यापुढे लिहिलं होतं: एका मिनिटात त्रेचाळीस रिक्वेस्ट, अडवलं. खाली पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आजोबा, बोट दुखलं नाही?”

“दुखलं. म्हणून तर चहाला उठलो.”

“मग काउंटर का अडकले?” त्यांनी पुतणीला विचारलं.

“ती चूक माझी,” ती म्हणाली. “सोमवारी दुपारीच दुरुस्त केली.”

नोकरी राहिली. दवाखान्याचे आठही काउंटर इंटरनेटवर एकाच पत्त्यावरून जातात, म्हणजे आठांना मिळून मिनिटाला वीसच, हे लिमिट लावताना तिच्या लक्षात आलं नव्हतं.