तीन नंबरचं चॅनल

मुलगी दीड महिन्यासाठी पुण्याहून नाशिकला घरी आली होती. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली होती. अट एकच, मीटिंगमधून गायब व्हायचं नाही. पहिल्याच आठवड्यात ती पाच वेळा गायब झाली. शुक्रवारी जेवताना म्हणाली, "बाबा, असंच चाललं तर सोमवारी मी परत जाते."

मी भाकरी मोडत राहिलो. तिची आई गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला कोणी नव्हतं. आता कुठे रंग भरत होता.

आमच्याकडे राउटर नाही. नेटच्या कंपनीने त्याचं भाडं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, वायर तेवढी आत आणा, पुढचं मी बघतो. दुकानातला जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यावर मुलीनेच मागे लिनक्स टाकून दिलं होतं, कारण ते फुकट मिळतं. त्याला वायर जोडली आणि त्याच्यातूनच घरभर वायफाय सोडलं. दिंडोरीच्या द्राक्षबागांना फवारणीचे पंप विकून मी दुकान उभं केलंय, एवढं तर मला जमायलाच हवं.

नेट हळू झालं की मी कंपनीला फोन करून झापायचो. त्या आठवड्यात दोनदा माझा आवाज खाली वॉचमनपर्यंत गेला. शनिवारी सकाळी मुलगी म्हणाली, "पंपाचं प्रेशर पडलं तर तुम्ही आधी काय बघता?"

"टाकीपासून सुरुवात करतो. मग एकेक जोड."

"मग इथे थेट शिव्यांपासून सुरुवात का?"

बसलो. वायरीतून कॉम्प्युटरपर्यंत येणारा वेग मोजला. चोख. मोबाइलवर वायफायचा मोजला. दहावा हिस्साही नाही. म्हणजे कंपनी निर्दोष. हे मी त्यांना अजून कळवलेलं नाही.

मग कॉम्प्युटरवर कमांड देऊन आजूबाजूच्या सगळ्या वायफायची यादी काढली. मुलीने समजावलं, वायफाय ज्या पट्ट्यांवर चालतं ती चॅनल दिसायला बरीच, पण एकमेकांना न घासणारी तीनच. एक, सहा आणि अकरा. अकरावर अर्ध्या बिल्डिंगची जत्रा भरली होती. एक आणि सहा त्या मानाने मोकळी, पण त्यांच्या मधे, तीनवर, एकच धनी बसलेला. सिग्नल सगळ्यांत दांडगा त्याचाच. दोन गाड्यांच्या जागेत कोणी मधोमध गाडी लावावी तसा. मी एकवर जाऊन पाहिलं, अकरावर पाहिलं, परत माझ्या मूळच्या सहावर आलो. फरक शून्य.

यादीतल्या नावावरून कळलं, सिग्नल येत होता वरच्या मजल्यावरून. तिथे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. दोन वर्षांपूर्वी यांनी माझी पार्किंगची सावलीतली जागा काढून घेतली आणि गळक्या टाकीखाली दिली. मी हरकत घेतली तर भर मीटिंगमध्ये म्हणाले, "दुकानदाराला प्रत्येक गोष्टीत घासाघीस लागते." मी लेखी तक्रार ठोकली. तेव्हापासून बोलणं बंद.

"बाबा, मी जाऊ वर?" मुलीने विचारलं.

"तू नको. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कातडी जाड लागते."

दार त्यांनीच उघडलं. "दोन वर्षांनी जिना चढलात. काम असणार."

"काम तुमचंच आहे. तुमचं नेट अडकत असेल ना?"

अडकत होतं. व्हिडिओ कॉलवर नातू तोंड उघडं ठेवून गोठायचा. तीन नंबर त्यांनी स्वतः निवडला होता, यादीत रिकामा दिसला म्हणून.

"तिथे बसून तुम्हाला दोन्हीकडून मार बसतो, आणि आम्हालाही," मी म्हटलं. "तुम्ही एकवर या, मी सहावर राहतो."

त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "येतो. पण ती पार्किंगची तक्रार मागे घ्यायची. लेखी. आत्ता."

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. त्यातल्या एकाने त्यांची महिनाभर झोप उडाली असती. डोळ्यांपुढे सोमवार आला. पुण्याची बस आणि तिची बॅग.

"कागद द्या," मी म्हटलं.

ते थांबले. "बस? काही कमी-जास्त नाही?"

"नाही."

"म्हणजे मी कमी मागितलं," ते म्हणाले आणि कागद आणायला आत गेले.

चार ओळींत तक्रार मागे घेतली. राग मागे घेतो असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, गाडीवर अजून पाणी गळतं. पण त्यांनी माझ्यासमोर चॅनल बदललं, एवढं मान्य करतो. खाली येऊन मोजलं तर वायफायचा वेग वायरीच्या जवळपास पोचला होता.

सोमवारी तिची मीटिंग दोन तास चालली, एकदाही तुटली नाही. मी खुशीत चहाचा कप घेऊन खोलीत दोनदा येरझारा घातल्या. मीटिंग संपल्यावर ती बाहेर आली.

"बाबा, बनियनवर माझ्या मागून फिरू नका. अख्ख्या टीमला दिसलात."

"नीट दिसलो?"

"एकदम स्वच्छ. बनियनची भोकंसुद्धा."

दुपारी ती ऑफिसला फोनवर विचारत होती, आणखी एक महिना इथूनच काम केलं तर चालेल का. मी पेपर डोळ्यांसमोर धरून बसलो होतो आणि पलीकडचा माणूस काय म्हणतो ते ऐकू येईना, म्हणून पंखा बंद केला.