लुटलेलं सोनं

दसऱ्यासाठी आपट्याची पानं निवडत होते. नात मोबाईलवर वाचत म्हणाली, "आजी, इंग्रजीतला लूट शब्द आपल्याकडूनच गेलाय. साहेबांनी लूट नेली, तसं तिचं नावही नेलं."

माझा हात थांबला. देवळालीतला एक दसरा आठवला. त्याच्या आधी आमच्या घरी चोरी झाली होती. आईचं सगळं सोनं गेलं, गळ्यात नुसती काळी पोत उरली. पुरावा नसताना सगळ्यांनी शेजारच्या तात्यांवर संशय घेतला. त्या संध्याकाळी गल्लीभर सोनं लुटलं गेलं, पण तात्यांच्या दारात कोणी फिरकलं नाही. ते ओट्यावर एकटेच बसले होते.

आई पानं घेऊन उठली.

"त्याच्याकडं जातीस?" वडील म्हणाले.

"सणाला कुणाचं दार सोडू न्हाई."

तिनं तात्यांच्या हातावर पान ठेवलं आणि वाकून पाया पडली. तात्यांनी ते कपाळाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं. मला आईचा राग आला होता.

चोर कधीच सापडला नाही. त्यानं आमचं घर लुटलं होतं. तात्यांचं नाव मात्र गल्लीनं लुटलं होतं, आणि त्यातलं थोडं परत करायला आई गेली होती.